आंडोरचा रंग, आंडेरचा रंग : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या बाळंतविड्याच्या लेखात 'झबल्याचा रंग कोणताही चालतो' एवढं एकच वाक्य होतं. त्या एका वाक्यावर अमळनेरपासून नंदुरबारपर्यंतची पत्रं आली. त्यांतली सात निवडली आहेत. वस्त्रांचा इतिहास अभ्यासणारे आणि रंगाईचं काम जाणणारे अशा दोघांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

नातवाच्या बारशाला त्याच्या मावशीने गुलाबी झबलं-टोपडं आणलं. पाळण्यात घातलं तर बाया लगेच म्हणाल्या, 'आंडोरले कोनी गुलाबी घालस का?' (अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी.) आमच्या वेळी असं काही ऐकलं नव्हतं. हा नियम आला कुठून? (एक आजी, अमळनेर)

आजी, तुमची आठवण खरी आहे. आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं जुन्या लुगड्याचं नाहीतर धोतराचं निघायचं. कापड दुकानातून आणायचंच नाही, कारण नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला घासते. शंभर वेळा धुतलेलं धोतर मऊ असतं, पाणी पटकन शोषतं, उकळलं तरी बिघडत नाही. लुगडं ज्या रंगाचं, त्या रंगाचं झबलं. मुलगा की मुलगी हा प्रश्न तिथे येतच नव्हता.

आपल्याकडे रंगाला अर्थ नव्हता असं मात्र नाही. तो प्रसंगाला आणि आयुष्यातल्या टप्प्याला बांधलेला होता. डोहाळजेवणाला हिरवी साडी, लग्नात पिवळी अष्टपुत्री, संक्रांतीला काळी. बोरन्हाणाला मुलगा असो वा मुलगी, अंगात काळंच घालायचं आणि वर हलव्याचे दागिने. उलट दोन-तीन बाळं दगावल्यावर झालेल्या मुलाचं नाक टोचायचं, त्याला मुलीसारखं नटवायचं आणि नाव ठेवायचं नथू. दृष्ट लागू नये म्हणून बाळ मुलगा आहे हेच झाकायचं! कपड्यावरून ते ओरडून सांगायची पद्धत बाहेरून आली.

ती आली युरोप-अमेरिकेतून, आणि तिथेही ती फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात तिथली बाळं, मुलगे आणि मुली दोन्ही, पांढरे लांब झगे घालत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ मधला फोटो प्रसिद्ध आहे. त्यात अडीच वर्षांचे रूझवेल्ट झग्यात बसले आहेत, केस खांद्यावर मोकळे. मुलग्याला पहिली चड्डी किंवा पँट चढायची ती साधारण चौथ्या ते सातव्या वर्षी. कारण धुण्यातलं होतं. बाळाचे कपडे रोज साबणात उकळायचे, आणि उकळी सोसतील असे स्वस्त रंग फारसे नव्हते. पांढरं सुती कापड मात्र कितीही उकळा, उन्हात टाका, पुन्हा पांढरंच.

मग रसायनशास्त्राने चित्र पालटलं. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किनला डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग मिळाला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली. पुढच्या काही दशकांत पक्के आणि स्वस्त रंग आले, तेव्हा बाळाचे कपडेही रंगीत करणं परवडू लागलं. इथे व्यापाऱ्याचा हिशोब सुरू झाला. पांढरं झबलं थोरल्याचं धाकट्याला होतं. गुलाबी आणि निळं वेगळं केलं, तर थोरल्या बहिणीचं धाकट्या भावाला चालत नाही आणि दुसरा बाळंतविडा नव्याने विकला जातो.

'मुलीला गुलाबी, मुलाला निळा' हे अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पक्कं झालं. १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या समारंभाला त्यांच्या पत्नी मेमी गुलाबी झग्यात आल्या आणि त्या छटेला त्यांचंच नाव पडलं. १९७०च्या सुमारास स्त्रीमुक्तीच्या चळवळीत हा भेद मागे पडला. १९८०च्या दशकात पोटातल्या बाळाचं लिंग आधीच कळू लागलं आणि खोली रंगवण्यापासून पाळण्यापर्यंत सगळं दोन रंगांत विकायला निघालं. आपल्याकडे ते तयार कपडे, खेळणी आणि वाढदिवसाचे फुगे यांच्याबरोबर आलं. अमळनेरच्या बारशात ते पाहुणं आहे, घरचं नाही. मावशीचं झबलं खुशाल घाला. फक्त आधी एकदा कोमट पाण्यात धुऊन घ्या, म्हणजे खळ आणि सुटा रंग निघून जाईल.

व्हॉट्सअॅपवर वाचलं की शंभर वर्षांपूर्वी उलटं होतं, गुलाबी मुलाचा आणि निळा मुलीचा, आणि मग एकदम बदललं. हे खरं का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे)

अर्धं खरं. या मजकुराचा आधार म्हणून बहुतेक वेळा जून १९१८ मधलं 'अर्नशॉज इन्फंट्स डिपार्टमेंट' हे अमेरिकेतलं व्यापारी मासिक दाखवतात. त्यात गुलाबी ठळक आणि जोरकस म्हणून मुलग्याला, निळा नाजूक म्हणून मुलीला, असा सल्ला खरोखर छापलेला आहे. १९२७ मध्ये बेल्जियमच्या युवराज्ञी ॲस्ट्रिड यांना मुलगी झाली, तेव्हा 'टाइम' साप्ताहिकाने लिहिलं की मुलगा होईल या आशेने पाळणा गुलाबी सजवला होता. मुलग्याच्या आशेने सजवलेला पाळणा आपल्यालाही अनोळखी नाही, फक्त रंग वेगळा. त्याच साप्ताहिकाने मोठ्या अमेरिकी दुकानांचा तक्ता दिला. बॉस्टन आणि शिकागोच्या नामांकित दुकानांनी मुलग्याला गुलाबी सांगितला होता, दुसऱ्या काहींनी निळा.

दुकानांचंच एकमत नव्हतं, हे त्या तक्त्यातून दिसतं. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये आलेल्या एका अमेरिकी कादंबरीत जुळ्यांपैकी मुलाला निळी आणि मुलीला गुलाबी फीत बांधली आहे, आणि तिला फ्रेंच पद्धत म्हटलं आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या जो पाओलेटी यांनी जुने कपडे, जाहिराती आणि बाळाच्या नोंदवह्या तपासून हा गोंधळाचा काळ मांडला. इटालियन संशोधक मार्को देल ज्युदिचे यांनी २०१२ मध्ये आक्षेप घेतला. त्यांनी १८८० ते १९८० या काळातल्या इंग्रजी पुस्तकांचा शब्दसाठा चाळला. त्यात 'मुलाला निळा, मुलीला गुलाबी' हीच जोडी सापडते, उलटी जोडी जवळपास सापडत नाही.

आमच्या मते दोन्ही अभ्यास एकत्र वाचावेत. रंगांची जोडी होती, तिची दिशा पक्की नव्हती, आणि एका दिवसात काही पालटलं नाही. मित्राने तो संदेश पाठवला तर '१९१८' या आकड्यापुढे '१९२७चा तक्ता' जोडून परत पाठवा.

पणजोबांचा गुलाबी फेटा ट्रंकेत सापडला. ऊन दाखवलं तर दोन दिवसांत घड्यांवर फिकट पट्टे उमटले. पुरुषाचा फेटा गुलाबी कसा, आणि रंग इतका कच्चा का? (फैजपूर)

तुमच्या गावातून हा प्रश्न यावा याचा आम्हाला आनंद आहे. फैजपूर एकेकाळी सुती छापकामासाठी आणि गडद निळ्या-लाल रंगाईसाठी नावाजलेलं होतं, अशी इंग्रज काळातल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. त्या निळ्याची लुगडी होत, लालाची पागोटी आणि लुगडी दोन्ही.

गुलाबी फेटा लग्नाचा, मानाचा. त्यात बायकी असं कुणाला वाटत नव्हतं. तो गुलाबी बहुधा कुसुंब्याचा असायचा, म्हणजे आपल्या शेतातल्या करडईच्या फुलाचा. त्या फुलात दोन रंग असतात. पिवळा भरपूर आणि थंड पाण्यात विरघळणारा, लाल मात्र एक किलो वाळलेल्या पाकळ्यांत जेमतेम ३ ते ६ ग्रॅम. आधी पाकळ्या फडक्यात बांधून पाणी पिवळं येईनासं होईपर्यंत तुडवायच्या. मग सज्जीखारासारखा क्षार घालून लाल द्रव्य सोडवायचं, शेवटी लिंबाचा रस पिळायचा. आंबट होताच पाणी गुलाबी होतं आणि थंडच कापडावर चढतं. गरम केलं की रंग मरतो. इतक्या कष्टाचा रंग रोजच्या वापराचा नव्हता. एक पाऊस किंवा साबणाचा एक हात, की पुन्हा रंगाऱ्याकडे.

तुमचा फेटा कुसुंबी आहे का ते बघायचं असेल तर पदराचा एकच सुटा दोरा काढा. त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. दोरा पिवळट झाला आणि लिंबाच्या थेंबाने पुन्हा गुलाबीकडे वळला, तर करडईच. जसाच्या तसा राहिला तर कारखान्यातला रंग. फेट्याला पाणी, साबण, ऊन काहीही लावू नका. घडी घालू नका, जुन्या धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवा. वर्तमानपत्रात तर अजिबात नको, त्या कागदातल्या आम्लाने सूत पिवळं पडून तुटतं. दर सहा महिन्यांनी सावलीत उलगडून पुन्हा सैल गुंडाळा.

पांढरा रंग विधवेचा म्हणतात. मग आजोबा जन्मभर पांढरं धोतर-टोपी कशी घालत? (साक्री)

पांढरं कापड म्हणजे रंग न दिलेलं कापड. पुरुषाच्या अंगावर ते स्वच्छ, रोजचं, इभ्रतीचं. बाईच्या अंगावर तेच 'रंग काढून घेतला' असं वाचलं गेलं. पण पांढराच विधवेचा, हेही सगळीकडे खरं नाही. महाराष्ट्रात केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला तांबडं आलवण नेसावं लागे. एक तांबडा नवरीच्या शालूचा, तोच तांबडा आलवणाचा. बायको गेल्यावर पुरुषाच्या कपड्याचा रंग कधीच बदलला नाही. या नियमात अन्याय कुठे बसला आहे ते एवढ्यावरून दिसतं.

थोरल्या मुलीची पाच-सहा चांगली गुलाबी झबली आहेत. आता मुलगा झाला. सासूबाई म्हणतात, निळी रंगवून घे. घरी जमेल का? (शिरपूर)

ताई, गुलाबीच घातली तरी बाळाचं काही अडत नाही, हे आधी सांगतो. रंगवायचीच असतील तर निळी होणार नाहीत. रंग हा रंगावर झाकण घालत नाही, त्यात मिसळतो. गुलाबीवर निळा टाकला की जांभळा होतो, हिरवा टाकला की मातकट, पिवळा टाकला की सुंदर शेंदरी-केशरी. आमचा सल्ला पिवळ्याचा. निळंच हवं असेल तर आधी गुलाबी उतरवावा लागेल. रंगारी त्यासाठी 'हायड्रो' वापरतात. त्याचा वास उग्र, बाळंतिणीच्या घरात ते काम नको.

आधी शिवणीतला एक दोरा आणि कापडाचा एक दोरा जाळून बघा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर, त्यावर हा रंग चढत नाही. अनेकदा कापड सुती आणि शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा असतो. मग झबलं केशरी आणि टाके गुलाबी, असं दिसेल.

थंड पाण्यात चढणारा रिॲक्टिव्ह रंग घ्या. २५० ग्रॅम कोरड्या कपड्यांना रंग ५ ग्रॅम, कोमट पाणी ५ लिटर, साधं मीठ १५० ग्रॅम आणि धुण्याच्या सोड्याची पूड ५० ग्रॅम. सोडा खड्यांचा असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं, १३५ ग्रॅम लागेल. खाण्याचा सोडा चालत नाही. रंगाची पूड भिजवताना नाकावर फडकं आणि हातात मोजे हवेत, बाळ दुसऱ्या खोलीत. कपडे आधी साबणाने धुऊन ओलेच घ्या. प्लास्टिकच्या टबात रंग आणि मीठ विरघळवा, कपडे बुडवून अर्धा तास सतत हलवत राहा. सोडा वेगळ्या भांड्यात विरघळवून, कपडे बाजूला सारून, दोन हप्त्यांत घाला. मग आणखी एक तास, अधूनमधून हलवत. त्यानंतर थंड पाण्याने खळबळा. शेवटी उकळत्याला आलेल्या साबणाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

डाग पडतात ते बहुतेक दोन कारणांनी. एक, कपड्यात खळ किंवा तेल राहिलेलं असतं. दुसरं, सोडा आधीच घातला जातो. सोडा पडताच रंग सुताला धरू लागतो, जिथे आधी लागला तिथे जास्त. शेवटचं गरम धुणं टाळलं तर न चिकटलेला रंग पहिल्याच लंगोटावर उतरतो.

हळद मात्र वापरू नका. उन्हाने ती उडते आणि साबण लागला की तांबडी होते. हळदीचं कुंकू करताना क्षार घालतात ते याच गुणामुळे.

लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. गुलाबी-निळा निम्मानिम्मा ठेवतो, तरी दर वेळी माल अडकतो. (जळगाव)

दादा, अमेरिकेत हा दोन रंगांचा धंदा वाढला तो लिंग आधी कळतं म्हणून. आपल्याकडे ते सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रात त्याआधी १९८८ पासूनच. आणि ती योग्यच आहे. म्हणजे बाळंतपणाआधी येणाऱ्या गिऱ्हाइकाला रंग ठरवताच येत नाही. ते दोन्ही बघतात, हात लावतात आणि 'नंतर बघू' म्हणतात.

हिशोब बघा. चार मापं, तीन नमुने म्हणजे १२ प्रकार. दोन रंग केले की २४, आणि हंगाम संपताना यांतलंच एखादं माप एका रंगात उरतं. ० ते ६ महिन्यांच्या मापात मोतिया, पोपटी, लिंबू, आंबा हे रंग जास्त ठेवा. गुलाबी-निळा मोठ्या मापांत चालू द्या. फळीवर 'मुलगा', 'मुलगी' न लिहिता महिने लिहा. आणि माल घेताना पांढरं ओलं फडकं झबल्यावर दहा वेळा जोराने घासा. फडक्याला रंग लागला तर ती गठ्ठी परत. गडद लाल आणि गडद निळा यात सर्वांत जास्त नापास होतात.

तिसरीच्या वर्गात मुलगे गुलाबी पुठ्ठ्याची वही घेत नाहीत. ही आवड उपजत असते का? वर्गात काही करता येईल? (जिल्हा परिषद शिक्षिका, नंदुरबार)

बाई, उपजत असल्याचा पुरावा दिसत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ७ महिने ते ५ वर्षांच्या मुलांपुढे दोन-दोन वस्तू ठेवल्या, त्यांतली एक गुलाबी. अगदी लहान मुलांत फरक नव्हता. दोन-अडीच वर्षांपासून मुली गुलाबी जास्त उचलू लागल्या आणि मुलगे ती टाळू लागले. आपण मुलगा की मुलगी हे शब्द मुलांना कळू लागतात तेच हे वय. २०२१ मध्ये पेरूच्या जंगलातली, काँगोतली आणि वानुआतूच्या तान्ना बेटावरची मुलं तपासली, तर तिथल्या मुलींना गुलाबीची वेगळी ओढ आढळली नाही. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात मोठ्या स्त्रियांचा कल लालसर छटांकडे दिसला आणि त्यावरून 'आदिम काळात बाया फळं वेचत' असा अंदाज बांधला गेला. पण त्याच अभ्यासात निळा दोघांनाही आवडला होता, ते बातम्यांत मागे पडलं.

वर्गात असं करा. कार्डपेपरचे ५ सेंटिमीटरचे आठ चौकोन कापा: लाल, गुलाबी, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी. प्रत्येक मुलाला एकेकटं बोलवा, चौकोन दर वेळी पिसून मांडा. 'सगळ्यांत आवडता दे', मग 'सगळ्यांत नावडता दे', एवढंच विचारा आणि नोंद करा. सगळ्यांसमोर विचारलं तर पहिल्या दोघांचं उत्तर पुढचे सगळे देतात. चौकोन एकाच जागी ठेवले तर मधलाच जास्त उचलला जातो. 'मुलांचा रंग कोणता' हे शब्द तर आधी उच्चारूच नका.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोनच रकाने काढा, आवडता आणि नावडता, नावं न लिहिता. बहुधा नावडत्याच्या रकान्यात मुलग्यांचा गुलाबी मोठा दिसेल, आवडत्यात मात्र रंग विखुरलेले असतील. मग गृहपाठ द्या: घरात फेटा, लुगडं, पागोटं, ओढणी, जे जुनं असेल त्याचा रंग आणि ते कोण नेसायचं हे आजी-आजोबांना विचारून आणा. आदिवासी होळीत बुध्या म्हणून सजून नाचणाऱ्या काकांना अंगावरच्या ठिपक्यांचं आणि मोरपिसांच्या टोपाचं विचारायला सांगा. वह्या वाटताना पुठ्ठे उलटे ठेवून द्या आणि अदलाबदल फक्त दोघांच्या राजीखुशीने होऊ द्या. एखाद्या मुलग्याला गुलाबी वही मिळाली आणि तो रडवेला झाला, तर त्याला समजावत बसू नका. कोरा तपकिरी कागद द्या आणि कव्हर त्याचं त्याला घालू द्या.